सीटी स्कॅन : चित्र किती सुंदर हवे?

२०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या घराघरांत एका नव्या गुणपत्रिकेची चर्चा होती. 'पंचवीसपैकी किती आला?' असे कोणी विचारले, तर तो प्रश्न शाळेच्या परीक्षेबद्दल नसे. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर त्यात अभिप्रेत असे. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्येच या तपासणीचे दर यंत्राच्या प्रकारानुसार दोन ते तीन हजार रुपयांवर बांधून दिले होते, इतकी तिला मागणी होती. अशा वेळी, ३ मे २०२१ रोजी, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी इशारा दिला की एक सीटी स्कॅन म्हणजे छातीची तीनशे ते चारशे क्ष-किरण छायाचित्रे. लगेच क्ष-किरणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने उत्तर दिले की ही जुनी गोष्ट झाली, आधुनिक यंत्रांवर हा आकडा पाच ते दहा एवढाच आहे.

दोन्ही बाजूंना जाणकार मंडळी, आणि आकड्यांत चाळीसपटींचा फरक! आपण हे गणित स्वतः करून पाहू.

शरीराला मिळालेल्या प्रारणाची, म्हणजे रेडिएशनची, एकूण परिणामकारक मात्रा मिलिसीव्हर्ट या एककात मोजतात. आपल्याला जमिनीतून, हवेतून, अन्नातून आणि अवकाशातून जे नैसर्गिक प्रारण सतत मिळत असते, त्याची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट आहे. समोरून घेतलेल्या छातीच्या एका साध्या छायाचित्राला सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट पुरतात. छातीच्या नेहमीच्या सीटी स्कॅनला सहा-सात लागतात. सहाला ०.०२ ने भागले की तीनशे येतात. आता दुसऱ्या बाजूने पाहू. बेताच्या मात्रेत केलेला छातीचा स्कॅन एक मिलिसीव्हर्टच्या आसपास बसतो, आणि समोरून व बाजूने अशी दोन छायाचित्रे धरली तर ती मिळून ०.१ पर्यंत जातात. एकाला ०.१ ने भागले की दहा! म्हणजे दोघांचेही भागाकार बरोबर होते. फक्त अंश आणि छेद वेगळे होते. ('छातीचे एक छायाचित्र' हे एकक म्हणून किती कुचकामी आहे, हेही यावरून कळते.)

पण यातून खरा प्रश्न पुढे येतो. तीच छाती, तेच यंत्र, आणि एका स्कॅनला सहा मिलिसीव्हर्ट तर दुसऱ्याला एक. मग सगळेच स्कॅन एका मिलिसीव्हर्टमध्ये का होत नाहीत? याचे उत्तर ज्वारीच्या दाण्यांत सापडते.

नऊ दिवसांचे चित्र

त्याआधी सीटी यंत्र काय करते ते थोडक्यात पाहू. क्ष-किरण नलिका शरीराभोवती फिरते, आणि पलीकडचे डिटेक्टर प्रत्येक दिशेने किती किरण आरपार आले ते मोजत जातात. अशा हजारो मोजमापांवरून, आत कोणत्या ठिकाणी किरण किती शोषले गेले असतील हे संगणक गणिताने शोधून काढतो आणि शरीराच्या आडव्या कापाचे चित्र रंगवतो. वर्गात कांद्याची आडवी चकती दाखवली तर मुलांना ही कल्पना चटकन येते.

हे यंत्र प्रत्यक्षात आणणारे ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी पहिले प्रयोग एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर केले. किरणांसाठी त्यांनी अमेरिशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरले होते. एका चित्रासाठी २८,००० मोजमापे घ्यायची होती, आणि त्याला लागले नऊ दिवस! यंत्र संथ होते म्हणून नव्हे. अमेरिशियममधून बाहेर पडणारे फोटॉनच थोडे होते, आणि पुरेसे फोटॉन जमेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी अमेरिशियमच्या जागी क्ष-किरण नलिका बसवली, तेव्हा तेच काम नऊ तासांवर आले. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

फोटॉन जमवायला वेळ लागतो, ही नऊ दिवसांची गोष्ट लक्षात ठेवू. लेथवर ठेवलेल्या वस्तूला घाई नसते. रुग्णाच्या बाबतीत मात्र प्रत्येक जादा फोटॉन त्याच्या शरीरातून जातो.

दाण्यांचा प्रयोग

आता ज्वारी. एका मोठ्या ताटात टॉवेल पसरावा, म्हणजे दाणे उड्या मारणार नाहीत. त्यावर दोऱ्याने सारख्या आकाराची छत्तीस घरे आखावीत. वरून, हात सगळीकडे फिरवत, चाळणीतून सव्वातीनशेच्या आसपास दाणे पाडावेत. दर घरी सरासरी नऊ दाणे येतील. पण प्रत्येक घरात नऊच असतील का? मुळीच नाही. कुठे सहा, कुठे अकरा, कुठे तेरा. साधारण दोन तृतीयांश घरांत सहा ते बारा दाणे सापडतील. नऊचे वर्गमूळ तीन, आणि चढउतारही तीनचाच. (काठावरच्या घरांना बहुधा कमी दाणे मिळतात, ती मोजू नयेत.) आता सरासरी शंभर येतील इतके दाणे पाडले, तर बहुतेक घरांत नव्वद ते एकशे दहा मिळतील. चढउतार तीनावरून दहावर गेला खरा, पण सरासरीच्या मानाने तो एक तृतीयांशावरून एक दशांशावर उतरला.

डिटेक्टरवर पडणारे फोटॉनही असेच पडतात. यदृच्छेने होणारा हा चढउतार चित्रात बारीक रव्यासारखा दिसतो. अभियंते त्याला नॉइज म्हणतात, आपण रवाळपणा म्हणू. वर्गमूळाचा नियम सांगतो की रवाळपणा निम्मा करायचा असेल तर फोटॉन चौपट लागतात, तिसऱ्या हिश्श्यावर आणायचा असेल तर नऊपट. चित्र थोडे गुळगुळीत करण्याची किंमत ही अशी वाढत जाते, आणि ती रुग्णाचे शरीर चुकते करते.

मग किती रवाळपणा चालेल? ते आपण काय शोधतो आहोत यावर ठरते. समजा, ताटातल्या एका घरावर पातळ जाळी धरली, आणि त्यामुळे तिथे दहा टक्के दाणे कमी पडले. सरासरी नऊ असताना ते घर ओळखता येणे अशक्य आहे. सरासरी शंभर असताना दहाची तूट आणि दहाचा चढउतार; तरीही पैज लावण्यासारखी स्थिती नाही. सरासरी नऊशे असेल तर चढउतार तीसचा आणि तूट नव्वदची, म्हणजे ते घर उठून दिसेल. उलट त्या घरावर वाटीच झाकली असेल, तर नऊ दाण्यांतही काम भागते.

शरीरातही काही गोष्टी वाटीसारख्या असतात आणि काही जाळीसारख्या. सीटीच्या मोजपट्टीवर पाण्याला शून्य आणि हवेला उणे हजार अंक देतात. या अंकांना हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. मूत्रखडा आणि भोवतालचा मऊ भाग यांत अनेक शेकडा अंकांचे अंतर असते. फुप्फुसात हवाच हवा, त्यामुळे तिथली गाठ काळ्या पाटीवरच्या खडूच्या ठिपक्यासारखी दिसते. यकृतातली गाठ मात्र भोवतालच्या यकृतापेक्षा कित्येकदा दहा-वीस अंकांनीच वेगळी असते. म्हणून मूत्रखड्यासाठी यकृताच्या दर्जाचे चित्र मागणे ही उधळपट्टी आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांची चाळणी करून कर्करोग लवकर सापडतो का, हे पाहणारी एक मोठी चाचणी अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात प्रत्येक स्कॅनला सरासरी सुमारे दीड मिलिसीव्हर्ट एवढीच मात्रा होती. चित्रे रवाळ होती, तरी फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू साध्या क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले. तेव्हा सहा आणि एक मिलिसीव्हर्टमधला फरक यंत्राच्या वयाचा जितका, तितकाच विचारलेल्या प्रश्नाचा असतो.

फिल्म काळी पडायची

जुन्या क्ष-किरण फिल्ममध्ये एक गुण होता, ज्याचे महत्त्व ती गेल्यावर कळले. मात्रा जास्त झाली की फिल्म काळी पडत असे. तंत्रज्ञाला चूक तिथेच दिसायची आणि डॉक्टर फिल्म परत पाठवायचे. सीटीत हा पहारेकरी नाही. मात्रा दुप्पट केली तरी संगणक चित्राचा उजळपणा नीट जुळवून घेतो. उलट रवाळपणा कमी झाल्याने चित्र अधिक देखणे दिसते. चूक झाली तर तक्रार येण्याऐवजी शाबासकी मिळावी, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या मते सीटीच्या मात्रेचा प्रश्न इतकी वर्षे रेंगाळला, त्याचे मूळ इथे आहे.

ही व्यवस्था कुठवर नेऊ शकते, ते लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात दिसले. पक्षाघाताच्या संशयितांसाठी मेंदूतला रक्तप्रवाह पाहणारा एक विशेष स्कॅन तिथे करत. २००८ च्या आरंभी त्याच्या मांडणीत बदल केला गेला आणि मात्रा अपेक्षेच्या सुमारे आठपट झाली. डोक्याला जास्तीत जास्त अर्धा ग्रे मिळायला हवा होता, तिथे तीन ते चार ग्रे मिळत होते. हे अठरा महिने चालले, २०६ रुग्णांवर. चित्रांत वावगे काहीच दिसत नव्हते. काही रुग्णांचे केस पट्ट्यापट्ट्यांनी गळाले, तेव्हा २००९ मध्ये बोभाटा झाला. पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच केला की प्रत्येक सीटीची मात्रा अहवालात नोंदवली पाहिजे.

लहान मूल म्हणजे लहान मोठा माणूस नव्हे

वरची घटना अपवादात्मक म्हणता येईल. पण २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका क्ष-किरणशास्त्राच्या नियतकालिकाने जे दाखवले, तो रोजचा व्यवहार होता. तिथे बालकांच्या स्कॅनसाठी अनेक ठिकाणी मोठ्यांचीच मांडणी जशीच्या तशी वापरली जात होती. कुणी दुष्टपणा केला नव्हता. मात्रा कमी करायला कुणाला सुचले नव्हते, कारण चित्रे उत्तम येत होती.

यातले पदार्थविज्ञान दहावीच्या मुलांनाही समजेल. सीटीच्या क्ष-किरणांची तीव्रता शरीरातल्या दर चार सेंटिमीटरांमागे ढोबळपणे निम्मी होते. प्रौढाचे पोट २८ सेंटिमीटर जाड धरले तर सात वेळा निम्मी, म्हणजे १२८ फोटॉनांमागे एक पलीकडे पोचतो. बालकाचे पोट १६ सेंटिमीटर धरले तर चार वेळा निम्मी, म्हणजे १६ मागे एक. डिटेक्टरवर तितकेच फोटॉन हवे असतील, तर बालकासाठी आठवा हिस्सा सोडले तरी पुरे. प्रौढाचीच मांडणी ठेवली, तर बालकाच्या शरीरातून गरजेच्या आठपट फोटॉन जातात. (प्रत्यक्षात इतकी कपात करत नाहीत, कारण लहान अवयव पाहायला चित्रही अधिक बारकाईचे लागते, पण दिशा हीच.) शिवाय मुलांच्या वाढत्या पेशी प्रारणाला अधिक हळव्या असतात, आणि परिणाम दिसायला पुढे सगळे आयुष्य पडलेले असते. २००८ मध्ये तिथल्या बालरोग क्ष-किरणतज्ज्ञांनी 'इमेज जेंटली' ही मोहीम सुरू केली. मुलांसाठी यंत्राची मांडणी वेगळी असलीच पाहिजे, हे तिचे पहिले सांगणे होते.

आजची यंत्रे हे काम बऱ्याच अंशी आपोआप करतात. आपले शरीर लंबवर्तुळाकार आहे. समोरून पातळ, बाजूने जाड. खांद्यांपाशी किरणांची वाट लांब, छातीत हवेमुळे सोपी. नलिका फिरत असतानाच तिच्यातला विद्युतप्रवाह या जाडीनुसार कमीजास्त होत राहतो. पण त्यासाठी रुग्ण वर्तुळाच्या बरोबर मध्यावर झोपलेला हवा. नलिकेपुढे मध्ये पातळ आणि कडांना जाड असा एक गाळणीचा तुकडा असतो. रुग्ण चार बोटे जरी खाली-वर असला, तरी गाळणीचा जाड भाग भलतीकडे येतो आणि हिशेब बिघडतो. कोट्यवधींचे यंत्र, आणि मात्रा अवलंबून तंत्रज्ञाने टेबलाची उंची नीट लावली की नाही यावर!

दुसरी किल्ली नलिकेच्या विद्युतदाबाची. नेहमीचे १२० किलोव्होल्ट कमी करून १०० केले, तर बाकी सर्व तेच ठेवून मात्रा सुमारे एक तृतीयांशाने घटते. रवाळपणा अर्थातच वाढतो. पण शिरेतून आयोडीनचे औषध दिले असेल तर इथे एक गंमत होते. आयोडीन ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वरच्या ऊर्जेचे फोटॉन फार जोमाने शोषते. दाब कमी केला की फोटॉनांची सरासरी ऊर्जा त्या दिशेने खाली येते आणि आयोडीन भरलेल्या रक्तवाहिन्या अधिक उजळ दिसतात. जाळीची वाटी झाली, म्हणून रवाळपणा खपून जातो. बारीक अंगाच्या माणसांत आणि मुलांत ही युक्ती छान चालते. स्थूल माणसात चालत नाही, कारण कमी ऊर्जेचे किरण पलीकडे पोचतच नाहीत.

गणिताची मदतही मोठी आहे. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्रात चित्राचा अंदाज करायचा, मोजमापांशी ताडायचा, चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा ताडायचे, अशी पद्धत होती. ती वेळखाऊ म्हणून मागे पडली आणि पुढची तीन दशके एका झटपट सूत्राने काम चालले. ते सूत्र प्रत्येक मोजमाप सारखेच विश्वसनीय मानते. शंभर फोटॉनांवर आधारलेले आणि दहांवर आधारलेले यांत भेद करत नाही. संगणक वेगवान झाल्यावर, २००८-०९ च्या सुमारास, ती जुनी पद्धत सुधारून परत आली. आता तिच्या जोडीला शिकवून तयार केलेली संगणकीय जाळी आली आहेत, आणि २०२१ मध्ये एकेक फोटॉन वेगळा मोजणाऱ्या सीटी यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र रवाळपणा गणिताने फार पुसला तर चित्र प्लास्टिकसारखे गुळगुळीत होते आणि फिकट गाठही त्यात पुसली जाऊ शकते. मुळात आलेच नाहीत ते फोटॉन गणित निर्माण करू शकत नाही.

पण या सर्व किल्ल्यांपेक्षा मोठ्या दोन गोष्टींना तंत्रज्ञान लागतच नाही. पोटाचा स्कॅन औषधाशिवाय, मग औषध देऊन लगेच, मग थोड्या वेळाने, असा तीनदा करण्याची काही ठिकाणी सवय असते. अनेक प्रश्नांना त्यातला एकच फेरा पुरतो, आणि मात्रा सरळ तिसऱ्या हिश्श्यावर येते. आणि दुसरी गोष्ट, स्कॅन न करणे.

ही दुसरी गोष्ट शाळेशी थेट संबंधित आहे. मधल्या सुट्टीत मूल पडते, डोक्याला टेंगूळ येते, पालक घाबरून 'सीटी करूनच टाका' म्हणतात. डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांचा अमेरिकेत केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे पंधरा हजारांचा सीटी झाला होता. मेंदूला महत्त्वाची इजा निघाली ती ३७६ जणांना. दोन वर्षांपेक्षा मोठ्या मुलाची शुद्ध नीट आहे, ते बेशुद्ध पडले नव्हते, उलटी नाही, तीव्र डोकेदुखी नाही, कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाच्या खुणा नाहीत आणि मार फार जोराचा नव्हता, असे असेल तर अशा इजेची शक्यता दोन हजारांत एकापेक्षाही कमी निघाली. अशा मुलाला स्कॅनची गरज सहसा नसते. हा निर्णय अर्थात डॉक्टरांचा. शिक्षकांनी काय घडले आणि मूल बेशुद्ध पडले होते का, हे नेमके सांगितले तर तो निर्णय सोपा होतो.

याउलट लक्षणे असतील तर सीटीला घाबरून उशीर करणे घातक आहे. धोक्याचे आकडे पाहा. ब्रिटनमधल्या मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांच्या डोक्याचे स्कॅन केले तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण, असा त्याचा अंदाज. नऊ युरोपीय देशांतल्या सुमारे साडेनऊ लाख व्यक्तींच्या २०२३ च्या अभ्यासातही, आजच्या मात्रांना दहा हजार मुलांमागे रक्ताच्या कर्करोगाचे एक-दोनच जादा रुग्ण आले. मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय असेल तर हा धोका विचारातही घेऊ नये. नुसत्या टेंगळासाठी मात्र तो का पत्करावा?

आता अहवालातल्या आकड्यांबद्दल, कारण वरिष्ठ विद्यार्थ्यांना ते स्वतः वाचता येतील. अनेक अहवालांत किंवा फिल्मच्या कोपऱ्यात 'डीएलपी' अशी अक्षरे आणि पुढे मिलिग्रे-सेंटिमीटरमधला आकडा असतो. प्रौढाच्या छातीसाठी त्याला ०.०१४ ने गुणले की मिलिसीव्हर्टमधली ढोबळ मात्रा मिळते. डीएलपी ४०० असेल तर ५.६. डोक्यासाठी गुणक ०.००२१ आहे. शेजारीच 'सीटीडीआय' नावाचा आकडा दिसेल. तो मात्र रुग्णाच्या शरीराचा नसतो. तीच मांडणी ॲक्रिलिक प्लास्टिकच्या एका प्रमाणित दंडगोलावर वापरली असती, तर त्यात किती मात्रा जमली असती, एवढेच तो सांगतो. डोक्यासाठी हा दंडगोल १६ सेंटिमीटर व्यासाचा धरतात आणि धडासाठी ३२. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पोटाचा स्कॅन ३२ च्या दंडगोलावर नोंदवला असेल, तर छापलेला आकडा सुमारे दुप्पट करून वाचावा लागतो.